डिग्री का विचारली नाहीस?

"बाई, सगळं करून पाहिलं. आता काही होणार नाही." हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारायचं नाही. सगळं म्हणजे काय केलंस? मोबाइलवर 'संसार वाचवा' अशी जाहिरात दिसली, तू फोन लावलास. पलीकडच्या माणसाने एकवीस दिवसांचं पॅकेज सांगितलं, तू त्याच रात्री पैसे पाठवलेस. दोनदा व्हिडिओ कॉल झाला. दोन्ही वेळा तोच बोलला, तू ऐकत बसलास. तिसऱ्या वेळी त्याने बायकोची पत्रिका मागितली, तेव्हा तू फोन उचलणं बंद केलंस आणि घरी जाहीर केलंस की समुपदेशन म्हणजे थोतांड. याला सगळं करून पाहिलं म्हणतात काय रे?

त्या माणसाची डिग्री काय होती? तुला माहीत नाही. शिकला कुठे, कोणाच्या हाताखाली काम केलं, कुठे नोंदणी आहे? माहीत नाही. त्याचं पूर्ण नाव तरी? तेही नाही. आणि हाच तू बेसाला फ्लॅट घेताना महारेराचा नंबर तपासत होतास, वकिलाकडून कागद पाहून घेत होतास, भिंतीला ओल येते का हे बघायला भर पावसात साइटवर जाऊन उभा राहत होतास. सिमेंटच्या भिंतीची एवढी काळजी घेतलीस, आणि स्वतःचं मन मात्र नाव-गाव न विचारता भलत्याच्या हाती दिलंस.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तुझ्या दुखण्यावर मी रागावलेली नाही. रात्र-रात्र झोप लागत नाही, ऑफिसात बसल्या-बसल्या छाती धडधडते, बायकोशी बोलायला गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला आवाज चढतो, तुझी गाडी गेटात शिरली की लेक उठून आतल्या खोलीत जाते, हे तू सांगितलंस तेव्हा माझ्या पोटात तुटलं. या गोष्टींवर तुला कोणी बोल लावत असेल तर त्याला माझ्याकडे पाठव. माझा राग आहे तो तुझ्या हलगर्जीपणावर. गणिताच्या पेपरात पहिली पायरी चुकली की पुढचं सगळं उत्तर चुकतं, हे तुला मी शिकवलं. इथे तू पहिल्याच पायरीला घसरलास आणि दोष गणिताला देतोस.

हे का झालं तेही मला ठाऊक आहे. तू लपून शोधलंस. आपल्या नागपुरात धंतोली-रामदासपेठेत डॉक्टरांच्या पाट्यांची रांग आहे, पण तिथे ओळखीचं कोणी भेटेल म्हणून गेला नाहीस. फॅमिली डॉक्टरला विचारलं नाहीस, कारण ते तुझ्या सासऱ्यांनाही तपासतात. जवळच्या मित्राजवळ तोंड उघडलं नाहीस, कारण तो हसेल. लपून शोधणाऱ्याला प्रश्न विचारता येत नाहीत, बाळा. दहा जणांना विचारून खात्री करणं त्याच्या नशिबी नसतं. जो सगळ्यात गोड आणि सगळ्यात गुपचूप बोलतो, त्याच्याच तावडीत तो सापडतो. स्टेशनाजवळच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवणाऱ्यांचे धंदे पिढ्यान्‌पिढ्या याच लाजेवर चालले. आता भिंतीच्या जागी मोबाइल आला, एवढाच काय तो फरक. तुझे पैसे त्या माणसाने लुटले हे खरं, पण कुलूप तुझ्या लाजेने उघडून दिलं होतं.

आणि ही लाज आपल्या शहरात फार जुनी आहे. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ सालचं. राज्यात सरकारची अशी मोठी मनोरुग्णालयं चार, येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि आपलं. आजही ऑटोवाल्याला 'पागलखाना चौक' म्हटलं की तो बरोबर तिथे नेऊन सोडतो. तुम्ही पोट्टे वर्गात एकमेकांना त्याच चौकाच्या नावाने चिडवत होतात, मी ऐकलं आहे. तुझी आई दरवर्षी ज्यांच्या दर्ग्यावर ताजबागला जाते, त्या ताजुद्दीनबाबांनाही १८९२ मध्ये नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं, आणि १९०८ मध्ये रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना आपल्याकडे नेईपर्यंत ते तिथेच होते. बाबांपुढे सारं शहर डोकं टेकवतं. त्याच फाटकातून जाणाऱ्या-येणाऱ्या बाकी माणसांकडे मात्र दीडशे वर्षं पाठ फिरवून उभं राहतं. हे मला कधीच पटलं नाही. टेकडीच्या गणपतीला नवस बोल, ताजबागला चादर चढव, मी अडवणार नाही. पण देवाने डोळे दिले आहेत ना, त्यांनी समोरच्याचं प्रमाणपत्र वाच.

लोकांना कळेल, ही तुझी भीती. मग कायदा वाच. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा आहे आणि २९ मे २०१८ पासून तो लागू झाला. उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिला आहे. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असल्यासारखे मोजके अपवाद सोडले तर डॉक्टर ती माहिती तुझ्या कंपनीला सांगू शकत नाही, सासऱ्यांनाही नाही. शरीराच्या आजाराला जसा विमा देतात तसाच मनाच्या आजारालाही द्यायचा, हेही त्याच कायद्यात आहे. विम्याचा हप्ता तू दरवर्षी भरतोस. पॉलिसी कधी उघडून पाहिलीस?

आता वही काढ आणि लिहून घे, कारण कोणाकडे कशासाठी जायचं हेच तुला माहीत नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, तो आधी एमबीबीएस डॉक्टर असतो, नंतर मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम केलेला असतो. औषध लिहून देण्याचं काम त्याचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, तो बोलून, चाचण्या घेऊन, पद्धतशीर उपचार करतो. मानसशास्त्रात एमए झाल्यावर त्याने सहसा दोन वर्षांचं एम.फिल. केलेलं असतं आणि तो रुग्णांसोबत शिकलेला असतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे ज्याला सगळे आरसीआय म्हणतात तिथे असावी लागते. नोंदणी क्रमांक माग आणि परिषदेच्या यादीत पडताळून पाहा. फार वेळ लागत नाही. उरला समुपदेशक. इथे सगळ्यात जास्त सावध राहा. मानसशास्त्र किंवा समाजकार्यात रीतसर एमए, एमएसडब्ल्यू केलेले, वर्षानुवर्षं ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेले फार चांगले समुपदेशक असतात, आणि तुझ्यासारख्या नवरा-बायकोच्या तक्रारीत ते डॉक्टरपेक्षा जास्त वेळ देतात. पण दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीला लावूनही माणूस स्वतःला समुपदेशक म्हणवून घेतो. नुसत्या पाटीवरून तुला फरक कळणार नाही. तो विचारल्यावरच कळतो.

तू सुरुवात डॉक्टरपासून कर. झोप उडणं, धडधड, चिडचिड यांमागे थायरॉइड असू शकतो, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. रक्त न तपासता बायकोच्या स्वभावाला दोष देत बसलास, याची मला कमाल वाटते. मेडिकलला, म्हणजे आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, मनोविकार विभाग आहे, मेयो रुग्णालयात आहे, मिहानला एम्स झालं तिथेही आहे. "सरकारी रांगेत कोण उभं राहील" असं तोंड करू नकोस. त्या रांगेत काटोलहून, भिवापूरहून पहाटेची एसटी पकडून आलेली माणसं उभी असतात, आणि दिवसभराची मजुरी बुडवून उभी असतात. तुला खासगीत जायचं असेल तर खुशाल जा, पण परवडतं म्हणून जा. रांगेची लाज वाटते म्हणून गेलास, तर तिथेही तोंड उघडून विचारणार नाहीस.

पहिल्या भेटीला गेलास की गप्प बसायचं नाही. तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठे, नवरा-बायकोच्या तक्रारींवर किती काळ काम केलंत, आम्हा दोघांना एकत्र बघाल की वेगवेगळं, मी एकट्याने सांगितलेलं तिला सांगाल का, फी किती, साधारण किती वेळा यावं लागेल, आणि मध्येच रात्री-बेरात्री फार बिघडलं तर काय करायचं, हे सगळं विचार. चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. उलट त्याला बरं वाटतं की समोरचा मनावर घेऊन आला आहे. जो चिडतो तिथून उठ. अमुक दिवसांत हमखास बरं करतो म्हणणारा, सगळे पैसे आगाऊ मागणारा, पत्रिका काढणारा, पहिल्याच तासात "चूक तुमच्या बायकोचीच" म्हणणारा, दुसऱ्या रुग्णाच्या घरच्या गोष्टी तुला रंगवून सांगणारा, यांपैकी कोणीही भेटला की नमस्कार करून बाहेर पड. आज तो दुसऱ्याचं तुला सांगतो आहे, उद्या तुझं तिसऱ्याला सांगेल.

आणि नीट माणूस मिळाला की टिकून राहा. तू तर सातवीतही पहिल्या चाचणीत मार्क कमी पडले की वही बंद करून बसत होतास. पहिल्या दोन-तीन भेटी तर तुझी हकीगत समजून घेण्यातच जातात. बोलण्याच्या उपचाराला बारा, पंधरा, कधी वीस बैठका लागतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, आणि बरं वाटायला लागलं म्हणून त्या मनाने बंद करायच्या नसतात. "सवय लागेल" असं तुझा मेहुणा म्हणतो. तो डॉक्टर आहे का? शंका असेल तर लिहून देणाऱ्यालाच विचार. दोन-तीन बैठकांनंतर वाटलं की या माणसाशी आपलं जमत नाही, तर त्याला तसं तोंडावर सांग आणि दुसरा शोध. एकाशी जमलं नाही म्हणून ही विद्याच खोटी ठरवायचा अधिकार तुला नाही.

आता तुझ्या बायकोचं. "तिलाच कोणाकडे तरी न्या, तिला समजावा," असं तू मला म्हणालास. हे ऐकून मला जेवढा राग आला तेवढा त्या पॅकेजवाल्याचाही आला नाही. तिला न्यायचं म्हणजे काय? ती आरोपी आणि तू फिर्यादी? नवरा-बायकोला एकत्र बसवून जो उपचार करतो तो न्यायाधीश नसतो, कोण खरं ते तो ठरवत नाही. तुमच्या दोघांत भांडण कोणत्या वळणाने चढत जातं, तू गप्प झालास की ती का पेटते, ती पेटली की तू घराबाहेर का निघून जातोस, हे तो दोघांना समोरासमोर दाखवतो. तिथे जिंकायला जाणार असशील तर जाऊच नकोस. तू आधी स्वतःसाठी वेळ घे. ती येईल तेव्हा येईल.

आणि तुला सरळ विचारते, माझ्या डोळ्यांत बघून उत्तर दे. कधी हात उगारलास का? ढकललंस, ताट फेकलंस, फोन हिसकावलास? तसं असेल तर दोघांनी एकत्र बसायची वेळ अजून आलेली नाही. घाबरलेली बाई नवऱ्यासमोर खरं बोलत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर तिला त्याची किंमत मोजावी लागते. तिने आधी सुरक्षित व्हायचं. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, १८१ हा महिलांसाठीचा फोन आहे, नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे. ते नंबर तिला मी देणार आहे, तुझ्या देखत देणार आहे. तू माझा विद्यार्थी आहेस म्हणून मी तुझ्या बाजूने उभी राहीन, अशा भ्रमात राहू नकोस.

कौटुंबिक न्यायालयाचं म्हणशील तर तिथेही विवाह समुपदेशक असतात. १९८४ च्या कायद्यानेच ती सोय केली. ते मनापासून काम करतात. पण त्यांची गाठ पडते तोवर अर्ज दाखल झालेला असतो, दोन्हीकडचे वकील ठरलेले असतात, दोन्हीकडच्या आत्या-मावश्या बाहेरच्या बाकांवर येऊन बसलेल्या असतात. तुमचं अजून तिथवर गेलेलं नाही. जाण्याआधीचा हा जो वेळ आहे तो तू एका भामट्याच्या पॅकेजात घालवलास, आणि उरलेला रुसून घालवतो आहेस.

तुझ्या आईशीही मी बोलणार आहे. "आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं, आम्ही सोसलं," असं त्या म्हणतात. सोसलं हे खरं. पण त्या काळीही माणसं विचारत होती. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, ते थेट १९५३ पर्यंत. नवरा-बायकोच्या खाजगीतल्या अडचणी वाचक त्यांना पत्रांतून विचारत आणि ते छापून उत्तरं देत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ मधल्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र कोणी घेतलं माहीत आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ज्या बाबासाहेबांच्या दीक्षाभूमीचं हे शहर, तिथे राहून तू 'असलं कसं विचारायचं' म्हणतोस. लोक या विचारण्याच्या हक्कासाठी कोर्टाची पायरी चढले आणि तुला एक साधा फोन करवत नाही.

शहरात राहणाऱ्याने 'इथे कोणी मिळत नाही' म्हणावं याची मला चीड आहे, आणि त्याला कारण आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातच काम करणाऱ्या माणसांना शिकवून तयार केलं, त्यांनी दारोदार जाऊन नैराश्य म्हणजे काय ते सांगितलं. ज्याला गरज होती त्याला शिकवलेल्या समुपदेशकाकडे आणि जास्त गरज असेल त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. काम सुरू होण्याआधी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षाने ते प्रमाण सत्तावीसवर गेलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त ते छापून आलं. कापसाचा भाव पडलेला, सावकार दारात, दवाखाना कोसावर, अशा मुलखातली ही माणसं. त्यांना कोणीतरी घरी येऊन विचारलं आणि त्यांनी तोंड उघडलं. तुझ्या घरापासून मेडिकल किती लांब आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल मी वाचला आहे. त्या वर्षी देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत सगळ्यात जास्त महाराष्ट्रातले, २२,७४६. आणि देशभरातल्या कारणांमध्ये सगळ्यात वरचं कारण कौटुंबिक समस्या, जवळपास एकतृतीयांश. हे तुला का सांगते? कारण परवा बोलता-बोलता तू म्हणालास, "जगण्यात काही राम नाही, बाई," आणि लगेच विषय बदललास. तू विषय बदललास, मी बदललेला नाही. मरणाचे विचार मनात येतात का, हे मी तुला स्पष्ट विचारते आहे. असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. येत असतील तर आज, आत्ता सांग. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फोनमध्ये घालून ठेव. सरकारचा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. अर्ध्या रात्री वाटलं तर तिथे फोन कर, मला कर, पण एकट्याने गच्चीवर जाऊन बसायचं नाही. तसं काही वाटत असेल तर मेडिकलच्या कॅज्युअल्टीत मी स्वतः तुझ्यासोबत येईन. या बाबतीत लाज, नोकरी, मेहुणा, सासरे, मला कोणाचंही काही ऐकायचं नाही.

उद्या सुट्टी टाक. कारण विचारलं तर तब्येत दाखवायची आहे म्हण, ते खरंच आहे. सकाळी ओपीडी उघडायच्या वेळेला मेडिकलला पोचायचं. आधी झालेल्या तपासण्यांचे कागद आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत घे. झोप कधीपासून गेली, राग कधी येतो, दारू किती घेतोस, हे आज रात्री कागदावर लिहून काढ, कारण समोर बसल्यावर तू अर्धं विसरशील आणि उरलेलं लपवशील. दारूचा आकडा खरा लिही. डॉक्टरांना दाखवून झालं की जोडप्यांसोबत काम करणाऱ्या नोंदणीकृत माणसाचं नाव त्यांनाच विचार. एक नको, दोन-तीन नावं घे, आणि प्रत्येकाला फोन करून मी सांगितलेले प्रश्न विचार. संध्याकाळी इकडे ये आणि कोणी काय उत्तर दिलं ते मला वाचून दाखव.

आणि आज घरी गेल्यावर बायकोला "तू चल" म्हणायचं नाही. "मी उद्या डॉक्टरकडे जातोय," एवढंच सांग. ती काही बोलली तर ऐकून घे, मध्ये बोलू नकोस.